प्रकरण सतरावे : पूजेला बसलेले लोखंड

खंडेनवमीच्या त्या प्रभाती पद्मावतीच्या हातून जे घडले ते निव्वळ वात्सल्यापोटी घडले, हे प्रारंभीच नमूद करणे उचित होईल. कारण पुढच्या चार तासांत घरातल्या कोणी नाही लावला तरी तिने स्वतःच स्वतःला त्याबद्दल बोल लावला.

सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीतील तालमीत तिचे सासरे दत्तोबा वस्ताद सूर्योदयापूर्वीच स्नान आटोपून उभे होते. उदगीरकडची शेती सोडून ते या शहरात आले, त्याला आता पंचेचाळीस वर्षे झाली होती. परंतु या दिवसाचा त्यांचा क्रम एकदाही चुकला नव्हता. गदा, मुद्गलांच्या जोड्या, हौदाची माती उकरायचे फावडे, ही सारी आयुधे धुऊन, तेल लावून पाटावर मांडायची, त्यांना हळदकुंकू वाहायचे, आणि मग दसऱ्याच्या सायंकाळी सोने लुटून येईपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. वर्षभर राबणाऱ्या लोखंडालाही दोन दिवसांचा विसावा हवा, असे ते म्हणत.

पद्मावती झेंडूच्या माळा घेऊन आली, तेव्हा तिची दृष्टी भिंतीशी रचून ठेवलेल्या दुसऱ्या लोखंडाकडे गेली. दोन लांब दांडे आणि त्यांना चढवायची गोल वजने. ती कॉलेजची होती. तिची लेक योगिनी कॉलेजच्या खेळाडूंच्या बलसंवर्धनाची प्रमुख होती. कॉलेजच्या कोठीचे छत पावसाळ्यात गळू लागल्यापासून चौदा मुलामुलींचा सराव या तालमीच्या अंगणातच चालत असे.

"मामंजी," पद्मावतीने भीतभीत विचारले, "योगिनीची हत्यारं पण मांडू का?"

दत्तोबांनी क्षणभर विचार केला. "मांड की. लोखंड ते लोखंड. त्यात आपलं-परकं काय?"

मग पद्मावतीने एकेक वजन ओल्या फडक्याने पुसले. ते तिला सहजी उचलवत नव्हते, म्हणून तिने ते जमिनीवरून गडगडत नेले. लेकीच्या नोकरीवरून तिने काय काय ऐकून घेतले होते! तिच्या सख्ख्या नणंदेने लग्नाच्या पंगतीत सर्वांदेखत विचारले होते, "पोरींना बैठका शिकवायचा पगार मिळतो म्हणं?" आज त्याच लेकीची आयुधे वस्तादांच्या गदेशेजारी बसली. पद्मावतीने प्रत्येक वजनावर कुंकवाचे बोट टेकवले, तेव्हा तिचे डोळे अभिमानाने ओलावले होते.

साडेनऊच्या सुमारास गल्लीत खेळाडूंनी भरलेला टेम्पो येऊन थांबला. त्यातून योगिनी उतरली. सव्वीस वर्षांची, उंच, कॉलेजची निळी टोपी घातलेली. तिच्या मागून यादगिरी हा धावपटू आणि गोळाफेक करणारी स्वर्णा धावत आत आले. अंगणात पाय टाकताच तिघेही जागीच थबकले.

"आई," योगिनीचा स्वर अगदी खाली गेला, "ही वजनं पूजेत कुणी ठेवली?"

"मी. का गं?"

"आज बारा वाजता परीक्षा आहे."

"आज? ती तर दसरा झाल्यावर होती ना?"

"काल संध्याकाळी कॉलेजातून मोठ्या काकांच्या दुकानावर फोन आला. बंगलोरच्या परीक्षकांना आज संध्याकाळच्या गाडीनं परत जायचंय, म्हणून परीक्षा आज ठेवली. काकांनी मला सकाळी सहाला सांगितलं. मी तशीच कॉलेजवर पळाले, मैदान आखायला."

पद्मावतीने हातातले तबक हळूच ओट्यावर ठेवले. या परीक्षेवर काय अवलंबून आहे हे तिला ठाऊक होते. जुलैत त्याच परीक्षकांनी चौदा खेळाडूंचे बल मोजून नेले होते. आज ते पुन्हा मोजायचे होते. वाढ दिसली तर योगिनीचा कार्यक्रम तीन वर्षे चालणार होता. दिसली नाही, तर कॉलेजचे नवे दालन मुंबईच्या एका कंपनीकडे जाणार होते. ती तिथे परदेशी यंत्रे बसवणार, स्वतःचा शिक्षक आणणार, आणि योगिनीला तिच्या जागेवरून निरोप मिळणार.

"मामंजी," पद्मावती वळून म्हणाली, "मी काढते. पाप लागलं तर माझ्या माथी लागू द्या."

"हात लावू नको!" दत्तोबांचा आवाज अंगणभर घुमला.

*

दत्तोबांच्या मनाची त्या क्षणी जी अवस्था झाली ती कोणास दिसली नाही, कारण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या चेहऱ्याला भाव लपवण्याची सवय होती. नियम त्यांनी स्वतः घातला होता. शेकडो चेल्यांना त्यांनी तो घालून दिला होता. कित्येकदा पहिलवान रडकुंडीला आले, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कुस्ती आहे, एक हात फिरवू द्या म्हणाले, आणि त्यांनी दिला नव्हता. आता नातीसाठी तो मोडला, तर त्या साऱ्यांना ते कोणत्या तोंडाने भेटणार होते? आणि नाही मोडला, तर या पोरीच्या तोंडाकडे कसे पाहणार होते?

तेवढ्यात त्यांचे ज्येष्ठ चिरंजीव हणमंतराव दुकानाची पूजा उरकून आले. त्यांचे सुलतान बाजारात कापडाचे दुकान होते, आणि गेले वर्षभर आबिड्सला यंत्रांची व्यायामशाळा काढण्याचे त्यांच्या मनात घोळत होते. धाकटे बंधू, म्हणजे पद्मावतीचे पती नामदेवराव, नोकरीनिमित्त निजामाबादेस असल्याने घरात आज मोठा पुरुष म्हणून त्यांचाच शब्द होता. घडला प्रकार त्यांनी ऐकला आणि मान हलवली.

"अप्पांचं बरोबर आहे. बसवलेलं उठवायचं नाही. योगिनी, माझं ऐकशील का? देवालाच ते कॉलेज मंजूर दिसत नाही. आबिड्सला माझ्याकडं ये. गार हवेची खोली, जर्मनीची यंत्रं. हितं उन्हात कुणाच्या पोरांमागं खाली-पिली शिट्ट्या फुंकत बसलीस!"

"कुणाची पोरं नाहीत काका, माझी आहेत," योगिनी म्हणाली.

"भाऊजी," पद्मावतीने पदर सावरला. लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत ती दिरांशी अशा स्वरात बोलली नव्हती. "फोन काल संध्याकाळी आला. मग निरोप आज सकाळी कसा पोचला?"

"दुकानात गर्दी होती. सणाचे दिवस," एवढेच हणमंतराव पुटपुटले.

यादगिरी मागेच उभा होता. त्याच्याने राहवेना. "मॅडम, टाइम होरा. उठाऊं क्या?"

"नक्को," योगिनीने त्याला हाताने थांबवले. मग ती आजोबांसमोर गेली. "आजोबा, मी तुम्हाला नियम मोडायला सांगत नाही. फक्त एक सांगा. तुमच्या तरुणपणी तालमीत लोखंड नव्हतं तेव्हा तुम्ही बैठका कशानं जड करायचात?"

दत्तोबांनी तिच्याकडे निरखून पाहिले. "माणसानं. खांद्यावर जोडीदार बसवायचा नि बैठका मारायच्या."

"आणि माणूस तर आपण पूजेला बसवला नाही ना?"

म्हाताऱ्याच्या मिशांखाली काहीतरी हलले. "नाही. माणसाला सुट्टी नाही."

"मग चला. यादगिरी, सगळ्यांना टेम्पोत बसव. दर सोमवारी मी तुम्हा प्रत्येकाचं वजन वहीत लिहिते. चौदा जण म्हणजे चौदा वजनं. बेचाळीसपासून बाहत्तर किलोपर्यंत."

स्वर्णा खदखदून हसली. "अय्यो मॅडम, मैं दांडा हूं या आदमी?"

"आज दोनों."

*

कॉलेजच्या मैदानावर निवृत्त सुभेदार असलेले परीक्षक खुर्ची टाकून बसले होते. शेजारी प्राचार्यबाई घड्याळाकडे पाहत होत्या. टेम्पोतून घरची मंडळीही आली होती; काठी टेकत आलेल्या दत्तोबांना कडेला एक खुर्ची मिळाली. योगिनीने घडलेली हकीकत जशीच्या तशी सांगितली, कारण खोटे बोलण्यासाठी लागणारा वेळ तिच्यापाशी नव्हता. प्राचार्यबाईंचा चेहरा शरमेने लाल झाला; परीक्षकांनी मात्र टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बेटी, मेरी पलटन में भी आज बंदूकें पूजा में बैठी होंगी," ते सावकाश म्हणाले. "इस पर मैं कुछ नहीं कह सकता. लेकिन मेरे फॉर्म में किलो लिखना है. तुम्हारी कॉपी तुम्हारे हाथ की लिखी है. किसी और का काँटा लाओ, तो मानूँगा. एक बजे तक रुकता हूँ."

मागणी न्याय्य होती, हे योगिनीला पटले. एका तासात चौदा माणसे तोलील असा काटा आणायचा होता. कॉलेजचा काटा कोठीत होता, आणि कोठीच्या गळक्या छतामुळे तो गंजून बंद पडला होता.

"बाजारातून आणतो," टेम्पोजवळ उभे असलेले हणमंतराव अचानक म्हणाले. ते का म्हणाले, हे त्यांचे त्यांनाही उमगले नाही. लगेच त्यांच्याच ध्यानी आले आणि ते कपाळावर हात मारून हसले. "काय आणतो डोंबल! आज साऱ्या बाजारातले काटे माळा घालून बसलेत. माझ्या दुकानातला गज नि कात्री मीच सकाळी पाटावर ठेवून आलो."

मग यादगिरी म्हणाला, "चाचा, नामपल्ली स्टेशन पे मशीन है ना. सिक्का डालो तो टिकट निकलता. टिकट पे वजन छपके आता."

"सरकारी!" हणमंतराव उद्गारले. "पोरा, बस गाडीत. सगळे बसा."

"पोरींच्या सोबत बाई हवी," पद्मावती म्हणाली, आणि कोणाची परवानगी न घेता टेम्पोत चढून बसली.

*

टेम्पो आबिड्सच्या चौकातून नामपल्लीकडे वळला. मग पद्मावतीने समोर पाहतच विचारले, "भाऊजी, देवाचा दिवस आहे. खरं सांगा. निरोप विसरलात, की ठेवून घेतलात?"

हणमंतरावांनी खिशातला रुमाल काढून कपाळ टिपले. "विसरलो नाही. ठेवूनही घेतला नाही, पद्मावती. घाई केली नाही, एवढंच."

"घाई करायला हवी होती."

"हौ. हवी होती."

हे 'हौ' त्यांनी इतक्या सरळपणे उच्चारले, की पद्मावतीला पुढचे बोल गिळावे लागले.

स्थानकाच्या फलाटावर तो लोखंडी खांब उभा होता. त्याच्या डोक्यावर रंगीबेरंगी दिवे फिरत होते. रेल्वेवाल्यांनी त्यालाही झेंडूची माळ घातली होती. परंतु गाड्यांना सण नसतो, त्यामुळे काट्यालाही विसावा नव्हता. हणमंतराव स्वतः शेजारी उभे राहून नाणी टाकू लागले. दिवे गरगरत, आत खडखडाट होई, आणि पुठ्ठ्याचे लहानसे तिकीट खालच्या खोबणीत येऊन पडे. एका बाजूला वजन छापलेले, दुसऱ्या बाजूला भविष्य. हमालांनी आणि चहावाल्यांनी भोवती कडे केले. स्वर्णाच्या तिकिटावर 'आपका स्वभाव कोमल है' असे आले, तेव्हा सारा फलाट हसला.

रांग पुढे सरकत होती. हणमंतरावांनी यादगिरीला सहज विचारले, "का रे, माझ्या पुतणीनं तुला नक्की शिकवलं तरी काय? दांडा उचलायला तर हमालही शिकवील."

"चाचा, मेरे अब्बा, मतलब मेरे नायना, ऑटो चलाते," यादगिरी सांगू लागला. दख्खनी आणि तेलुगू त्याच्या जिभेवर एकत्र नांदत होत्या. "मैं चार सौ मीटर दौड़ता. पिछले साल हर रेस के बाद घुटना सूज जाता था. बाकी कोच बोले, और दौड़. मॅडम क्या बोले मालूम? दौड़ बंद. वजन को भी हात नहीं लगाने दिये, दो महीने. खाली बैठना सिखाये, उठना सिखाये. मैं बोला, मेरेकू बैठना आता मॅडम, मैं क्या बच्चा हूं? बोले, नहीं आता."

"मग?"

"फिर सच्ची नहीं आता था, चाचा." तो हसला. "अब घुटना नहीं सूजता. पहले वजन बढ़ाये. फिर रेस के पहले वाले हफ्ते में आधा कर दिये. मैं डर गया. बोला, ताकत चली जाएगी. बोले, ताकत अभी पक रही है, ढक्कन मत खोल."

हणमंतरावांनी पुढचे नाणे काढले, पण ते यंत्रात न टाकता हातात धरूनच उभे राहिले. वर्षभर त्यांनी जर्मनीच्या यंत्रांची चित्रे पाहिली होती. कोणत्या कप्पीला किती दोर आणि कोणत्या आसनाला किती गादी, हे त्यांना तोंडपाठ होते. त्या चित्रांत एकही माणूस 'तुला बसता येत नाही' असे कोणाला सांगताना दिसला नव्हता. या पोरीशिवाय ती यंत्रे म्हणजे आपल्या दुकानातली उभी बाहुली, साडी नेसवून ठेवलेली, हे त्यांच्या मनात लख्ख उमटले. त्यांना आपल्या वागण्याची लाज वाटली, आणि त्याहून अधिक, आपल्या घराण्यात अशी मुलगी निपजल्याचा अभिमान वाटला.

"अम्मा, तुम भी चढ़ो!" मुलींनी पद्मावतीला ओढले.

"नको गं बायांनो, मी कशाला!"

"चढा," हणमंतराव म्हणाले. "नाणं हातात आहेच."

पद्मावती पदर घट्ट धरून काट्यावर चढली. आयुष्यात प्रथमच. तिकीट पडले. सदुसष्ट किलो. तिने ते कोणाला न दाखवता कनवटीला खोचले; पण स्वर्णाने वाकून पाहिलेच होते.

*

बाराची परीक्षा एक वाजता सुरू झाली. परीक्षकांनी चौदा तिकिटे एकामागून एक पारखून पाहिली, दोन मुलांना हाताने उचलून अंदाज घेतला, आणि मान डोलावली.

योगिनीच्या हातात शिट्टी होती, पण ती तिने एकदाही फुंकली नाही. जुलैच्या आकड्यापेक्षा किती अधिक, एवढेच आज दाखवायचे होते. प्रत्येकाने जोडीदाराला खांद्यावर घ्यायचे, पाच बैठका मारायच्या, मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत खाली जायचे, आणि टाच उचलायची नाही. जोड्या तिने टेम्पो स्थानकावरून परत येण्याच्या आधीच वहीत जुळवून ठेवल्या होत्या. यादगिरीच्या खांद्यावर एकसष्ट किलोचा उंच उडीवाला बसला. जुलैत यादगिरीने पस्तीस घेतले होते. तो खाली गेला, वर आला. पाच वेळा. परीक्षकांनी फॉर्मवर लिहिले. दुसरी जोडी. तिसरी. बारावी. एकही टाच उचलली नाही.

तेरावी मुलगीही झाली. शेवटी स्वर्णा उरली. जुलैत तिने चाळीस किलो घेतले होते. गेल्या आठवड्यात तालमीच्या अंगणात पासष्ट. परंतु तिच्याखेरीज असलेल्या चार मुलींत सर्वांत जड मुलगी चोपन्न किलोंची होती. आणि योगिनीने ठरवल्याप्रमाणे मुलीच्या खांद्यावर मुलगा बसवणे प्राचार्यबाईंना मान्य झाले नाही.

"चौवन भी ठीक है," परीक्षक म्हणाले. "चालीस से ज़्यादा ही है."

"सर, ती पासष्ट घेते," योगिनी म्हणाली. "मी चोपन्न लिहू देणार नाही. जे तिचं आहे तेवढं लिहा."

"लेकिन पैंसठ किलो की लड़की कहाँ है?"

योगिनी मैदानावरच राहिली होती, तिचे स्वतःचे तिकीट निघाले नव्हते. योगिनी वही उलटसुलट पाहत होती. स्वर्णाच्या चेहऱ्यावर रडू येऊ पाहत होते; तिला आपले सामर्थ्य चोरीला गेल्यासारखे वाटत होते.

मैदानाच्या कडेला बसलेली पद्मावती उठली. तिने कनवटीचे तिकीट काढले. चालत परीक्षकांपर्यंत गेली आणि ते त्यांच्या टेबलावर ठेवले.

"सदुसष्ट," ती मोठ्याने म्हणाली. पन्नास माणसांदेखत.

"आई!" योगिनी.

"का? माझं वजन खोटं आहे का? सकाळी मीच तुझी वजनं अडकवली ना? मग आता मीच वजन होते."

"अम्मा, डरो नक्को," स्वर्णा हर्षाने खाली बसली. "मैं गिराती नहीं."

हणमंतरावांनी दुसरीकडे तोंड फिरवले, मोठ्या दिराने पाहू नये म्हणून. तरी एका हाताने भावजयीला आधार द्यायला ते पुढे झालेच. पद्मावतीने लुगड्याचा काष्टा घट्ट खोवला, डोक्यावरचा पदर दातांत धरला आणि ती मुलीच्या खांद्यांवर बसली. जमीन एकदम दूर गेली.

पहिली बैठक. पद्मावतीने डोळे मिटून घेतले. दुसरी. तिने डोळे उघडले. वरून तिला सारे मैदान दिसत होते, चुन्याच्या रेघा, उभी मुले, उन्हात खुर्चीवर ताठ बसलेले सासरे. आणि समोर गुडघ्यांवर बसलेली योगिनी. तिला वाटले, लेक आता आपल्याकडे पाहील, घाबरेल, 'आई सांभाळ' म्हणेल. पण योगिनीने एकदाही मान वर केली नाही. तिची नजर स्वर्णाच्या गुडघ्यांवर खिळली होती. आई तिच्यासाठी या क्षणी सदुसष्ट किलो होती, आणि पद्मावतीला त्याचे जराही वाईट वाटले नाही. उलट, आपली लेक आपल्या कामात किती बुडालेली आहे हे अशा उंचीवरून पाहायला मिळाले, याचा तिला गर्व वाटला.

"गुडघे बाहेर," योगिनी शांतपणे म्हणत होती. "बाहेर. असंच. श्वास धर. उठ."

तिसरी. चौथी. चौथीच्या शेवटी स्वर्णाच्या मांड्या थरथरल्या.

"बस," परीक्षक म्हणाले. "चार काफी हैं."

"पाच ठरलेत, सर," योगिनी म्हणाली. मग हळू आवाजात, केवळ त्या मुलीसाठी, "स्वर्णा, मी इथंच आहे. जा खाली."

स्वर्णा खाली गेली. तिथे ती क्षणभर अडकली. मग पद्मावतीला आपल्याखाली एक दीर्घ, जड, संथ हालचाल जाणवली, जणू पाण्याने भरलेला पोहरा वर येत आहे. आणि ती पुन्हा उंच झाली.

मुलांनी गिल्ला केला. हणमंतराव ओरडले, "शाब्बास, माझे वाघिणी!" आणि ते कोणाला उद्देशून होते हे कोणी विचारले नाही. परीक्षकांनी लिहिले, चाळीसच्या पुढे सदुसष्ट, आणि प्राचार्यबाईंच्या पुढे कागद सरकवला.

"तीन साल," ते म्हणाले. "इसी कोच लड़की के नाम पर. कंपनीवालों को चिट्ठी आप लिख दीजिए."

प्राचार्यबाईंनी लेखणी उघडली. "योगिनी, इधर आओ, सही करो."

योगिनी वळली, परंतु तिच्या वाटेत दत्तोबा येऊन उभे राहिले होते. काठी खुर्चीपाशी तशीच पडली होती. त्यांचे डोळे नेहमीसारखे कठोर होते, पण ते नातीकडे ज्या रीतीने पाहत होते ती रीत पद्मावतीने आजवर पाहिली नव्हती. वस्ताद चेल्याकडे असे पाहत नाही.

"पोरी," ते म्हणाले, "त्या मुलीचे गुडघे एकदाही आत आले नाहीत. शेवटच्या बैठकीलासुद्धा. माझी पोरं दोनशे मारायची, पण जड झालं की गुडघे आत पडायचे. चार जणांचे गुडघे कायमचे गेले. मला ते कधी सुधारता आलं नाही. तू काय सांगितलंस तिला?"

"आजोबा, आत्ता? ते सहीसाठी थांबलेत."

"थांबतील."

योगिनीने प्राचार्यबाईंकडे एकदा पाहिले, मग ती आजोबांच्या पायांपाशी उन्हातल्या मातीत बसली. तिने त्यांचे दोन्ही तळपाय हातांनी खांद्यांइतक्या अंतरावर ठेवले, बोटे जराशी बाहेर वळवली.

"पायाची बाहेरची कड जमिनीत रोवा. दोन्ही पायांनी जमीन मधोमध फाडायची आहे असं समजा. फाटणार नाही, पण तुम्ही फाडतच राहायचं. मग गुडघे आपोआप बाहेर राहतात. धरा माझा खांदा."

दत्तोबा वस्तादांनी नातीच्या खांद्यावर हात ठेवला आणि, सारे मैदान पाहत असताना, शिकाऊ मुलासारखे जपून, सावकाश, खाली बसू लागले.

"असं?" त्यांनी विचारले.

"टाच उचलली, आजोबा," ती म्हणाली. "परत."